उद्या या!

बँकेत चिकटून मला तेवीस वर्षं झाली. या तेवीस वर्षांत मी सर्वांत जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर क्षणाचाही विलंब न लावता सांगेन, "उद्या या." आमच्या सौ.चं म्हणणं असं, की मी हे झोपेतही म्हणतो. एकदा पहाटे अर्धवट झोपेत दार उघडून मी दूधवाल्याला "उद्या या" म्हणालो आणि तो भला माणूस खरोखरच दुसऱ्या दिवशी आला. तो दिवस आम्ही कोऱ्या चहावर आणि सौ.च्या कोऱ्या चेहऱ्यावर काढला.

पण "उद्या या" म्हणणं हे पाप की पुण्य, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आम्ही पडलो कॉमर्सवाले. आमचं सगळं तत्त्वज्ञान 'येईल ते नावे, जाईल ते जमा' या एका ओळीत आटोपतं. हा प्रश्न मला पाडला माझ्या भाच्यानं.

हा भाचा पुण्यात संगणकाच्या एका कंपनीत आहे. नोकरी लागली तेव्हा त्यानं फोनवर सांगितलं, "मामा, मी कर्नलमध्ये काम करतो." मी सोसायटीभर सांगून आलो, भाचा लष्करात लागला म्हणून. पुढच्या फोनवर तो म्हणाला, "सध्या ड्रायव्हर लिहितोय." माझा उत्साह जरा मावळला. म्हणजे हा कर्नलसाहेब नव्हे, कर्नलसाहेबांच्या ड्रायव्हरचा कारकून! घराण्यात कारकुनी आहेच, असं मी मनाचं समाधान करून घेतलं.

दिवाळीला आला तेव्हा चकल्या खाता खाता त्यानं उलगडा केला. कर्नल म्हणजे संगणकाच्या व्यवस्थेचा गाभा. आणि ड्रायव्हर म्हणजे त्या गाभ्यातला असा माणूस, की ज्याला एकेका यंत्राची भाषा कळते. पडद्याचा ड्रायव्हर वेगळा, कॅमेऱ्याचा वेगळा, आवाजाचा वेगळा.

"मग त्यात अवघड काय आहे?" मी विचारलं.

"आधी कोण आणि मग कोण, हे ठरवणं," तो म्हणाला.

मी चकली खाली ठेवली. हा तर आमच्या शाखेचा रोजचा प्रश्न!

आता बघा, सकाळी आमची बँक कशी उघडते. तिजोरीच्या खोलीला दोन किल्ल्या. एक अधिकाऱ्याकडे, दुसरी हेडकॅशियरकडे. एकट्याची किल्ली म्हणजे निव्वळ लोखंड. हेडकॅशियरची लोकल अडली की अधिकारी थांबला, अधिकारी थांबला की रोकड थांबली, रोकड थांबली की कॅशियर थांबला, आणि कॅशियर थांबला की बाहेरच्या रांगेत बँकांच्या एकूण भवितव्यावर परिसंवाद सुरू झाला.

भाचा म्हणाला, मोबाइलमध्ये अगदी हेच चालतं. तुम्ही बोट लावता तो पडदा घ्या. बोट कुठं लागलं हे सांगणारी चिप एका तारेवरून बोलते. त्या तारेचा कारभार पाहणारा ड्रायव्हर आधी हजर पाहिजे. त्याला ठोके देणारं घड्याळ आधी चालू पाहिजे. शिवाय चिपला वीज पाहिजे. वीज वाटणारी चिप निराळी, आणि गंमत म्हणजे तिला हुकूम द्यायचा तोही तसल्याच दुसऱ्या एका तारेवरून! आणि हे सगळं तुम्ही बटण दाबल्यापासून काही सेकंदांत. आमच्याकडे याला पावणेअकरा वाजतात.

"पूर्वी हा क्रम कसा लावायचे?" मी विचारलं.

लिनक्स नावाचा कर्नल १९९१ साली हेलसिंकीच्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं, लिनस टॉरवाल्ड्सनं, सुरू केला. आज तो बहुतेक मोबाइलांत आणि जगभरच्या मोठमोठ्या यंत्रांत बसलेला आहे. त्यात ड्रायव्हरांना उठवण्यासाठी पायऱ्या केल्या, शून्यापासून सातपर्यंत. पायाभूत मंडळी आधी, साधे ड्रायव्हर सहाव्या पायरीवर, आणि रेंगाळणारे सातव्या. एका पायरीवर अनेक जण असतील तर ज्या क्रमानं त्यांचा कोड जोडला गेला, त्या क्रमानं त्यांना हाक.

आता पायऱ्या म्हटल्या की मानपान आलाच. एखाद्या ड्रायव्हरला हवा असलेला सोबती वेळेवर उठेना, की त्याचा लेखक त्या सोबत्याला दोन पायऱ्या अलीकडे नेऊन बसवी. मग त्याच्याही सोबत्याला अलीकडे आणावं लागे. एका बोर्डावर बरोबर बसलेला क्रम दुसऱ्या बोर्डावर चुके. आमच्या लग्नात मामेसासऱ्यांना पहिल्या पंगतीला बसवलं म्हणून आत्तेसासरे रुसले, त्यांना बसवलं म्हणून शेजारचे रुसले, आणि शेवटी पहिली पंगत इतकी लांबली की नवरानवरी तिसऱ्या पंगतीला जेवली. तसंच हे.

चूक कुठं होती? क्रम म्हणजे मान, असं धरलं तिथं. वास्तविक मंगल कार्यालयात सर्वांत आधी कोण येतो? आचारी आणि त्याचं सिलिंडर. त्याचा मान मोठा म्हणून तो आधी येत नाही. त्याच्यावाचून पुढच्यांचं अडतं म्हणून येतो. वीज वाटणारी ती चिप सर्वांच्या आधी उठते. तिचं नाव मोबाइलच्या जाहिरातीत तुम्ही कधी वाचलंय?

मग मे २०१२ मध्ये आलेल्या लिनक्सच्या ३.४ या आवृत्तीत एक निराळीच रीत आली. मला विचाराल तर ही संगणकाची गोष्टच नव्हे, ही नीतीची गोष्ट आहे. ड्रायव्हरला सांगितलं, बाबा रे, तुला हवा तो सोबती अजून आला नसेल तर 'मी बिघडलो' म्हणून मरू नकोस. फक्त एक आकडा सांग, उणे ५१७. त्याचा अर्थ 'नाही' असा नाही. 'अजून नाही' असा.

"म्हणजे 'उद्या या'च की!" मी आनंदानं ओरडलो. माझं आयुष्यभराचं वाक्य जगभरातल्या यंत्रांत जाऊन पोचलं होतं!

"नाही मामा," भाचा शांतपणे म्हणाला. "तुम्ही 'उद्या या' म्हटल्यावर काय करता?"

"काय करणार? पुढच्या माणसाला बोलावतो."

"कर्नल ते नाव यादीत लिहून ठेवतो. आणि दुसरा कुठलाही ड्रायव्हर कामाला लागला, की यादीतल्या सगळ्यांना स्वतःहून पुन्हा हाक मारतो. कुणी सांगावं, हा आला तोच कुणाचा तरी अडलेला सोबती असेल. आणि थांबणाऱ्यालाही एक नियम आहे. हातात जे घेतलं असेल ते परत जागेवर ठेवून थांबायचं, अडवून बसायचं नाही."

रुमाल टाकून एस.टी.तली जागा धरणाऱ्या आम्हा लोकांना हा नियम झोंबणारच. पण मला झोंबली ती यादी. कारण त्याच क्षणी मला निळ्या पिशवीच्या आजी आठवल्या.

या आजी गेल्या पावसाळ्यात माझ्या खिडकीशी आल्या होत्या. खातं उघडायचं होतं. कुठल्याशा मदतीचे पैसे खात्यावरच येणार होते. मी कागद पाहिले. पत्त्याचा धड पुरावा नव्हता. मी म्हणालो, "आजी, त्या अमक्या कचेरीतून दाखला आणा. उद्या या." त्या कचेरीत गेल्या. तिथल्या माझ्यासारख्याच कुणीतरी सांगितलं, बँकेचं पासबुक आणा, मग दाखला देतो. त्या पुन्हा माझ्याकडे आल्या. मी पुन्हा तिकडे पाठवलं. त्यांनी पुन्हा इकडे. तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, "लेकरा, तुमी दोघं एकदा ठरवा न् मला सांगा, आधी कुनाकडं यायाचं." खिडकीतले सगळे हसले. मीही हसलो. विनोद चांगलाच होता. मग मी म्हटलं, "उद्या या."

त्या पुन्हा आल्या नाहीत.

"असं गोल अडकलं तर?" मी भाच्याला विचारलं. आवाज जरा बसला होता. "म्हणजे पहिला दुसऱ्यासाठी थांबला आणि दुसरा पहिल्यासाठी?"

"तेव्हा यादीचाही उपयोग नाही. दोघं कायमचे यादीत. पण आता कर्नल यंत्राचं वर्णन आधीच वाचून कोण कुणावर अवलंबून आहे हे ताडतो. असं चक्र सापडलं, की तेवढ्यापुरता थांबण्याचा नियम सैल करतो. कुणीतरी एकानं अर्धवट का होईना, सुरुवात करावी म्हणून."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सोमवारी मी खण उघडून निर्देशांचा गठ्ठा काढला. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत 'छोटं खातं' नावाचा प्रकार आहेच. ज्याच्याकडे कागद नाहीत त्यानं बँकेत येऊन फोटो द्यावा, अधिकाऱ्यासमोर सही करावी किंवा अंगठा उठवावा, आणि खातं उघडावं. शिल्लक पन्नास हजारांच्या आत, महिन्याला दहा हजारांपर्यंत पैसे काढता येतात, वर्षभरात जमा एक लाखापर्यंत. बारा महिने चालतं. तेवढ्यात कागदासाठी अर्ज केल्याचं दाखवलं, तर आणखी बारा महिने. म्हणजे चक्र तोडायची सोय कुणीतरी शहाण्या माणसानं करून ठेवली होती. ती माझ्या खणात होती. वर डब्याचं फडकं होतं, एवढंच.

तेव्हा माझा आपला साधा हिशेब असा. दुसऱ्याला थांबायला सांगणं हे पाप नाही. जगात सगळेच सगळ्यांच्या आधी उठू शकत नाहीत. पण 'थांबा' म्हणणारा माणूस त्याच क्षणी कर्जदार होतो. त्या माणसाचं नाव लिहून ठेवायचं, अडलेलं सुटलं की आपण हाक मारायची, आणि आपल्याचमुळे गोल फिरत असेल तर आपल्या बाजूनं गाठ सैल करायची. एवढं करायचं नसेल तर सरळ 'नाही' म्हणावं. निदान माणसाचे रिक्षाचे पैसे वाचतात.

मी आता एक वही घातली आहे. वर '५१७' असा आकडा टाकला आहे. सहकारी समजतात, मी लॉटरीचे नंबर लिहितो. रोज संध्याकाळी उघडतो, अडलेलं काही सुटलं असेल तर फोन करतो. बरीच नावं कटली. पहिल्या पानावरची पहिली ओळ तेवढी अजून तशीच आहे: 'आजी, निळी पिशवी.' नाव मी विचारलंच नव्हतं. दर बाजाराच्या दिवशी भाजी आणायला मी जातो आणि नजर पिशव्यांवर ठेवतो. सौ.ला हा बदल कशामुळे झाला ते कळत नाही.

काल तिनं न्हाणीघरातल्या गळक्या नळाची आठवण केली. मी रुबाबात म्हणालो, "उणे ५१७."

"म्हणजे?"

मी समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आणि शांतपणे वही माझ्यापुढे ठेवली.

"लिहा," ती म्हणाली.