पाठीवरचं वजन आणि पुरेसं माप

बारावीचे निकाल लागले, प्रवेशाच्या याद्या झळकल्या की नगरच्या लॅपटॉपच्या दुकानांत एकच संवाद रोज ऐकू येतो. अकोले किंवा जामखेडची एखादी मुलगी वडिलांबरोबर आलेली असते. लॅपटॉप हलका हवा, कारण तो सॅकमध्ये टाकून एसटीत उभं राहायचं आहे. बॅटरी दिवसभर टिकायला हवी, कारण वर्गात प्लग भिंतीलाच आहेत आणि गावी लाइटचा भरवसा नाही. एवढं सांगून झालं की ती जरा दबकत म्हणते, "थोडेफार गेम चालले तर बरं." वडील लगेच विचारतात, "शिकायला घ्यायचाय ना? मग गेम कशाला?" दुकानदार दुसऱ्या बाजूने ओढतो, "काका, अजून थोडे पैसे घाला, ग्राफिक्स कार्डवालाच घेऊन टाका. चार वर्षं बघायला नको."

तिघांत सर्वांत विचाराचं बोलणं मुलीचं आहे. वडिलांना खेळच नको आहे, दुकानदाराला मर्यादाच नको आहे. तिला खेळही हवा आहे आणि मर्यादाही. सुखाला आयुष्यात किती जागा द्यायची, हा मोठा प्रश्न तिने नकळत काउंटरवर ठेवलेला असतो, आणि त्याचा फार बारकाईने झालेला विचार तिच्याच जिल्ह्यात, नेवाशाला, मराठीत मांडला गेला आहे.

शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 च्या सुमारास, प्रवरेकाठी ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असं मानतात, तो पैसाचा खांब आजही तिथे आहे. परंपरेने दिलेलं जन्मवर्ष धरलं तर सांगणाऱ्याचं वय तेव्हा पंधरा-सोळा होतं, आजच्या अकरावी-बारावीच्या मुलाएवढं. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग कोणाला साधतो याची चर्चा येते. अति खाणाऱ्याला तो साधत नाही, हे कोणीही सांगेल. पण अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही, असं कृष्ण सांगतो आणि आहाराच्या जोडीने विहारही मापात असावा म्हणतो. ज्ञानेश्वर या ठिकाणी मुद्दाम थांबतात. खाणं, चालणं, बोलणं, झोप, एकेक गोष्ट घेऊन ते तिला माप लावतात, आणि हट्टाने भूक मारणाऱ्यालाही जिभेच्या गुलामाच्याच पंक्तीत बसवतात. त्यांचं पुढचं म्हणणं तर दुकानातल्या वडिलांनी ऐकावं असं आहे: इंद्रियांना त्यांचा वाटा मोजक्या हाताने दिला की मनाचा संतोष वाढतो. इंद्रियांना उपाशी ठेवून संतोष मिळतो, असं ते म्हणत नाहीत.

योग्याच्या पथ्याचा लॅपटॉपशी काय संबंध, असं कोणी विचारेल. संबंध असा की महागडी वस्तू निवडताना माणूस पुढच्या तीन-चार वर्षांचा दिनक्रम निवडत असतो. तो किती ओझं वाहील, किती वेळ भिंतीला बांधलेला राहील, रात्री किती वाजता झोपेल, हे बऱ्याच अंशी त्याच दिवशी ठरतं.

शिवाय हलकेपणा, बॅटरी आणि खेळ या तीन मागण्या एकमेकींशी भांडतात, आणि ते भांडण पैशाने पूर्ण मिटत नाही. बॅटरीची ताकद वॅट-तासांत मोजतात. हलक्या लॅपटॉपमध्ये ती साधारण 50 ते 75 वॅट-तास असते. लिहिताना, वाचताना यंत्र सरासरी सात वॅट खात असेल तर 70 वॅट-तासांची बॅटरी दहा तास पुरते. त्याच यंत्रावर गेम लावला आणि खर्च 35 वॅटवर गेला की दोन तासांत ती संपते. बॅटरी मोठी करावी तर वजन वाढतं, आणि विमानात विनापरवानगी 100 वॅट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येत असल्यामुळे कंपन्या सहसा त्यापुढे जात नाहीत. यंत्र जी शक्ती खातं ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. तिला वाट काढून द्यायला पंखे आणि तांब्याच्या नळ्या लागतात, म्हणजे पुन्हा जाडी आली. पातळ यंत्र तापलं की आपला वेग आपणच कमी करतं. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा पत्र्याच्या खोलीत बसलेल्या मुलाला हे कोणी समजावून सांगावं लागत नाही.

बाजारातली दोन टोकं पाहावीत. ॲपलच्या तेरा इंची मॅकबुक एअरचं वजन 1.24 किलो. त्यात पंखाच नाही आणि बॅटरी खरोखर दिवसभर चालते, पण मुलांचा आवडता व्हॅलोरंट हा गेम मॅकवर चालत नाही. दुसऱ्या टोकाला वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला गेमिंग लॅपटॉप. तो बहुधा सव्वादोन-अडीच किलोचा, त्यावर विटेएवढा चार्जर वेगळा, आणि पूर्ण ताकद प्लग लावल्यावरच. मधली वाट अलीकडे खुली झाली. प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स आता इतकं सुधारलं आहे की सव्वा किलोच्या लॅपटॉपवर व्हॅलोरंट किंवा माइनक्राफ्ट मध्यम सेटिंगवर सुखाने चालतात. सप्टेंबर 2024 मध्ये आलेली इंटेलची कोअर अल्ट्रा 200व्ही मालिका याच वाटेवरची. मात्र तिच्यात रॅम प्रोसेसरसोबतच बसवलेली येते, 16 किंवा 32 जीबी. नंतर वाढवता येत नाही. माप आधीच ठरवावं लागतं.

माप आधी ठरवण्याचा धर्म नगरला नवा नाही. जैन आचार्य आनंदऋषीजी याच जिल्ह्यातले, 1900 साली चिचोंडीला जन्मलेले, आणि 1992 मध्ये त्यांचं निर्वाण नगरलाच झालं. त्यांच्या स्थानकवासी परंपरेतले साधू-साध्वी गावोगाव पायी चालतात. वस्त्रं, पात्रं, ग्रंथ, जे काही जवळ आहे ते स्वतःच्या अंगावर वाहतात. त्यामुळे नको असलेली प्रत्येक वस्तू त्यांना खांद्याला कळते. गृहस्थाकडून धर्म एवढी अपेक्षा करत नाही. त्याच्यासाठी परिग्रह-परिमाणाचं व्रत आहे: आपल्याला किती पुरे हे मिळवण्याआधीच ठरवायचं आणि तिथे थांबायचं. या व्रतात आकडा ज्याचा त्याने ठरवायचा असतो, आणि तेच अवघड आहे. आकडा बाहेरून आला असता तर दुकानदाराच्या एका वाक्याने तो हलला नसता.

याच जिल्ह्यातल्या हिवरेबाजार गावाने पाण्याबाबत नेमकं हेच केलं. पाऊस किती झाला ते मोजायचं, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि मगच पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली गावाने शेती सोडली नाही, ती उपलब्ध पाण्याच्या आत आणली, आणि गाव समृद्ध झालं. सत्तर वॅट-तासांचा ताळेबंदही असाच मांडता येतो. सहा तास वर्ग आणि लेखन, अर्धा तास खेळ, आणि घरी पोचल्यावर थोडी बॅटरी शिल्लक.

एक गोष्ट मात्र स्पष्ट म्हटली पाहिजे. संयमाचा उपदेश ज्याच्याकडे निवड आहे त्यालाच करता येतो. ज्या घरात पहिला लॅपटॉप कर्ज काढून येतो, तिथे सव्वा किलोचं नवं यंत्र बहुधा परवडत नाही, कारण हलकेपणाची किंमत मोजावी लागते. त्या घरातल्या मुलाने जुना, जाडसर, पण बॅटरी बदलून घेतलेला लॅपटॉप घेतला तर त्याने काही कमी निवडलं असं होत नाही. आणि तिथे खेळाची इच्छा सांगताना त्या मुलाला अपराधी वाटू देऊ नये. अभ्यासाच्या यंत्रावर अर्धा तास खेळणं हे चैनीचं लक्षण धरणं अन्यायाचं आहे.

म्हणून मुलीबरोबर दुकानात जाणाऱ्या पालकांना एक विनंती. घरून निघण्याआधी वजन, बॅटरी आणि रक्कम यांची मर्यादा तिला स्वतःला कागदावर लिहू द्या, आणि त्यात खेळाची ओळही राहू द्या. दुकानात लॅपटॉप चार्जरसकट सॅकमध्ये घालून तिच्या पाठीवर द्या. बॅटरीवर वॅट-तास किती लिहिले आहेत ते वाचा. प्लग काढून तिचा आवडता गेम दहा मिनिटं चालवून बघा आणि हात लावून किती तापलाय ते पाहा. एवढं जमलं तर कागदावरच्या आकड्याच्या पुढे जाऊ नका.