ठोकळ्यांवरची जीप

गाडी सुरू होत नसली तर अडचण मालकाची. ती थांबत नसली तर अडचण रस्त्यावरच्या कुणाचीही. घरच्या गाडीचं इंजिन आपण हवं तसं खोलावं, बिघडलं तर बिघडलं, चालत जाऊ. पण ब्रेकला आपल्या हातानं पाना लावायचा हक्क आपल्याला आहे का? हा प्रश्न मला कायम वेगळा वाटत आलाय. आमच्या घरात तो १९९१च्या पावसाळ्यात आला आणि पुढं बरीच वर्षं मुक्कामाला राहिला.

देवगडच्या बाजूला खाडीकाठी आमची वाडी. आबांनी आंब्याच्या पेट्या वाहायला जुनी जीप घेतली होती, पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलेली. पत्रा जाड होता, पण खारा वारा कुणाला सोडतो? लोखंड गंजतं तेव्हा ते नुसतं झिजत नाही, फुगतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जागा जास्त लागते, म्हणून नट आणि बोल्ट एकमेकांत असे आवळून बसतात, की वाटावं वेल्डिंगच केलंय. आमच्याकडं गाडीचं कुठलंही काम आदल्या रात्रीच सुरू व्हायचं. नटांवर डिझेल सोडून ठेवायचं, मधूनमधून हातोडीनं हलके ठोके द्यायचे, आणि पुन्हा डिझेल. ज्याला घाई आहे त्यानं गंजाच्या वाटेला जाऊ नये.

त्या वर्षी आंबा संपता संपता पायडल खाली जायला लागलं होतं. एकदा दाबून ब्रेक लागायचा नाही, दोन-तीनदा पंपिंग करावं लागायचं. तालुक्याच्या गॅरेजवाल्यानं गाडी बघितली. शू बदलायला झालेत म्हणाला, पाइप अजून वर्षभर जातील म्हणाला. आबा घरी आले, चटई टाकून गाडीखाली शिरले आणि मागच्या चाकांकडं जाणारा पाइप स्क्रू ड्रायव्हरनं खरवडून बघितला. वरून काळा, धडधाकट दिसणारा पाइप. पण जिथं पट्टी मारून तो चॅसिसला धरला होता तिथं चिखल साचून राहायचा, आणि त्या पट्टीखाली त्याचे पापुद्रे निघत होते. आबा बाहेर आले आणि म्हणाले, "ह्या काम आता मीच करतलंय."

पैशाची ओढ होतीच, नाही म्हणत नाही. पण नुसत्या पैशाचं असतं तर त्यांनी शू बदलून घेतले असते आणि वर्ष काढलं असतं. त्यांना तो पाइप दिसला होता, हे खरं कारण. एकदा दिसलेलं न दिसल्यासारखं करता येत नाही. आपल्या कायद्यातसुद्धा हे आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं १९०वं कलम धोकादायक स्थितीतल्या गाडीबद्दल आहे. गाडीतला जो दोष आपल्याला माहीत आहे तो, आणि साधारण काळजी घेतली असती तर जो कळला असता तोही, चालवणाऱ्याच्या आणि चालवू देणाऱ्याच्या माथी येतो. आबांनी कायदा वाचला नव्हता. पण मिस्त्रीला पैसे दिले म्हणजे जबाबदारीही दिली, असं त्यांना कधी वाटलं नाही. पैसे देऊन काम दुसऱ्याकडं जातं, एवढंच.

तर जीप जॅकवर चढवली आणि धुरांखाली फणसाचे जाड ठोकळे सारले. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मला त्यांनी कधी जाऊ दिलं नाही. ड्रम निघता निघेनात, दोन दिवस गेले. आत लायनरची काळी धूळ. तेव्हाच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते आम्हांला कुठलं ठाऊक! पण धूळ नाकात जाते एवढं आबांना ठाऊक होतं, म्हणून फुंकर मारायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. पुढची दोन्ही चाकं सरळ झाली. नवे शू, व्हील सिलिंडरची नवी रबरं, आतून काथ्यापेपर मारून गुळगुळीत केलेले सिलिंडर. मागं मात्र हवा काढायचा निपल सिलिंडरातच तुटला, गंजानं खाल्ला होता. सिलिंडर कोल्हापुराहून आणायचा, पाइपही तिथूनच. एसटीच्या ड्रायव्हरकडं चिठ्ठी आणि पैसे दिले आणि वाट बघत बसलो.

वाडीतले जाणते लोक येऊन सल्ले देत. कुणी म्हणे, तेवढाच तुकडा कापून तांब्याचा पाइप घाला, पितळेचा टाका मारा. आबांनी ते उडवून लावलं. पायडल जोरात दाबलं की त्या बोटाएवढ्याही जाड नसलेल्या पाइपात दर चौरस सेंटिमीटरला पन्नास-साठ किलोचा दाब सहज येतो. साधं तांबं मऊ असतं, गाडीच्या थरथरीनं ते कडक होतं आणि चिरतं. आणि आमच्या जीपला सगळ्या चारी चाकांची मिळून एकच लाइन. एका जागी फुटली की चारी चाकं मोकळी. ऑइलचंही तसंच. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं असताना ते निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी प्यालेलं १४०च्या आसपासच उकळायला लागतं. मग फोंडा घाट उतरताना ड्रम तापले की पाइपात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, चाक धरत नाही. आमच्या जीपचं ऑइलचं झाकण पायाखालच्या पत्र्याच्या चकतीखाली होतं, पावसाचं पाणी पहिलं तिथंच.

नवव्या रात्री तात्या आले. शेजारघर. छत्री असून भिजलेले. त्यांची आई जेवता जेवता कलंडली होती, तोंड वाकडं झालं होतं, बोलणं कळत नव्हतं.

"गाडी काढ. आवशीक हॉस्पिटलात न्हेवचा आसा."

आबांनी कंदील उचलून पडवीबाहेर धरला. जीप ठोकळ्यांवर, मागची चाकं काढलेली, पाइप कापलेला.

तात्यांच्या बरोबर त्यांचा भाचा होता, ट्रकवर क्लीनर. तो म्हणाला, "मागची लाइन बोल्ट मारून बंद करूया. फुडचे ब्रेक नवीन आसत मां? गियरार न्हेया. हँडब्रेक आसा." तो वेडंवाकडं काही बोलत नव्हता. रस्त्यात लाइन फुटली की ट्रकवाले असंच करून घर गाठतात. आमच्या जीपचा हँडब्रेकही चाकांवर नव्हता, गियरपेटीच्या मागं शाफ्टवर होता, तो शाबूत होता. पुढचे ब्रेक खरोखरच चांगले झाले होते. तासाभरात गाडी उभी राहिली असती.

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माजी खात्री नाय." आणि मला म्हणाले, "सायकल काढ. पलीकडच्या वाडीत टेम्पो आसा, तेका उठव."

मी गेलो. टेम्पो येईपर्यंत दीड तास गेला. म्हातारी वाचली, पण उजवी बाजू गेली ती गेलीच. पुढं सहा वर्षं ती ओसरीवर खुर्चीत बसलेली असायची, आमच्या अंगणातून सरळ दिसायची.

डॉक्टरांनी तात्यांना सांगितलं होतं, की अर्धा-पाऊण तास आधी आणली असती तरी आमच्याकडं ह्यावर करण्यासारखं फार नव्हतं. तात्यांनी ते ऐकलं, आणि मनावर घेतलं नाही. मी त्यांना नावं ठेवत नाही. आईच्या बाबतीत 'फार नव्हतं' ह्या शब्दाला काय किंमत?

मला जे खटकत राहिलं ते वेगळंच. आबांच्या नकारानं एखादा अपघात टळला असेलही. दोन उतार, अंधार, पाऊस, इरली घेऊन चालणारी माणसं, रस्त्यात बसलेली गुरं. पण टळलेल्या अपघाताचा साक्षीदार कुठून आणायचा? खुर्चीतली म्हातारी मात्र रोज समोर. एका बाजूला घडलेलं आणि दुसऱ्या बाजूला न घडलेलं, अशी तुलना माणसाच्या मनात सरळ होतच नाही. तात्यांना आणि त्यांच्या भाच्याला धोका पत्करायचा होता, तो त्यांचा हक्क होता म्हणा. पण त्या रस्त्यावरून त्या वेळी घरी जाणाऱ्या कुणाला तरी कुणी विचारलं होतं का? त्याच्या वतीनं 'हो' म्हणायचा अधिकार तात्यांना नव्हता आणि आबांनाही नव्हता. एवढ्यापुरतं मी आबांच्या बाजूनं आहे, आजही.

पण तात्यांनी आठवड्यानंतर जे ऐकवलं, ते मला असं झटकून टाकता आलं नाही. आबा तेव्हा कोल्हापुरी पाइप बसवून हवा काढत होते. मी पायडलवर. आधी लांबचं चाक, म्हणजे डावं मागचं. "दाब... धर... सोड." बाटलीतल्या नळीतून बुडबुडे येत होते. तात्या कुंपणाशी उभे राहिले आणि म्हणाले, "गॅरेजीत दिली असतंस तर दोन दिसांत होऊन इली असती. तुझी गाडी, तुझो हात. पण अकरा दिस आमचा काय?"

आबा बोलले नाहीत. निपल आवळला, मला म्हणाले, दाब.

गॅरेजवाल्यानं पाइप बदलला नसता, हे उत्तर देता आलं असतं. ते खरंही होतं. पण तात्यांच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हे. वाडीत चाकाचं वाहन एकच. बाळंतीण, विंचू चावलेला, परीक्षेला जाणारी पोरं, सगळी त्याच जीपमधून गेलेली. आबांनी कधी कुणाकडं डिझेलचे पैसे मागितले नव्हते, लोक देत ते घेत. ज्या वस्तूवर इतकी माणसं टेकलेली आहेत ती कागदावर एकट्याची असली, तरी ती किती दिवस खोलून ठेवायची हे एकट्यानं ठरवायचं का? आपल्या हातानं नीट काम करण्याची हौस, त्यातली शिस्त, त्यातला मान, हे सगळं मला आवडतं. पण त्याचा खर्च शेजाऱ्याच्या खात्यावरही पडतो, हे तात्यांनी सांगेपर्यंत आमच्या घरात कुणी बोललं नव्हतं. उलटही विचार येतो, की वाडीला जीपची एवढी गरज होती तर वाडीनं तिच्या दुरुस्तीला कधी हात लावला? हा विचार मी तात्यांसमोर कधी काढला नाही. खुर्ची दिसत असताना तो काढवत नाही.

तात्या तीन वर्षं आमच्याकडं आले नाहीत. गणपतीत माणसं पाठवायचे, स्वतः नाही.

१९९४च्या जूनमध्ये पुन्हा शू झिजले. आबांनी ह्या खेपेला सगळे भाग आधी आणून पडवीत मांडून ठेवले, निपलसुद्धा दोन जादा. मग छत्री घेऊन घरोघर गेले, मला बरोबर घेऊन. सगळ्यात शेवटी तात्यांच्या अंगणात. म्हातारी खुर्चीतच होती, तिनं डाव्या हातानं मला जवळ बोलावलं.

"गाडी खोलतंय," आबा उभ्याउभ्याच म्हणाले.

"किती दिस?"

"तीन. तवसर पलीकडचो टेम्पो सांगान ठेवलंय."

तात्यांनी पाटावरची सुपारी आबांकडं सरकवली. "बरा," म्हणाले.