नदीचे पूजन आणि नदीचे मोजमाप

श्रीक्षेत्र नृसिंहवाडी येथे कृष्णा व पंचगंगा या दोन पवित्र सरितांचा संगम झालेला आहे. श्रीमन्नृसिंहसरस्वती स्वामी महाराजांच्या बारा वर्षांच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या या स्थानी औदुंबराच्या छायेत मनोहर पादुका विराजमान आहेत. पावसाळ्यात नदीचे पाणी चढत चढत मंदिरात येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणद्वारातून बाहेर पडते. हाच सुप्रसिद्ध दक्षिणद्वार सोहळा होय. त्या जलात स्नान घडावे म्हणून दूरदूरचे भाविक रात्री-अपरात्री धावत येतात.

परंतु त्याच जलाचे आणखी एक रूप आहे. जे पाणी येथे सोहळा ठरते, तेच अधिक चढले की शिरोळ तालुक्यातील उसात, गोठ्यात आणि घरात शिरते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तेथील पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. अशा वेळी श्रद्धावंत मनाला प्रश्न पडतो : नदी वाढली याचा आनंद मानावा की भय धरावे? आणि जिला माता म्हणावयाचे, तिला फुटांत व इंचांत मोजणे हा भक्तीला उणेपणा तर नव्हे?

या प्रश्नाचे उत्तर देवस्थानांच्या नित्य व्यवहारातच सापडते. दानपेटी उघडली की साक्षीदारांसमक्ष पैन् पै मोजली जाते, तिची नोंद होते आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यान्वये हिशेब तपासला जातो. यास कोणी अश्रद्धा म्हणत नाही. उलट, धन देवाचे आहे, आपले नव्हे, म्हणूनच ते मोजावे लागते. स्वतःच्या खिशातील पैसा मनुष्य न मोजता खर्च करू शकेल; ठेव म्हणून हाती आलेला पैसा तसा खर्चिता येत नाही. नदीही अशीच ठेव आहे. मागल्या पिढ्यांनी ती सोपविली आणि पुढल्या पिढ्यांना ती परत करावयाची आहे.

हे मोजमाप केवळ घाटावरील मोजपट्टी वाचण्याने पुरे होत नाही. पात्राचा छेद व पाण्याचा वेग यांवरून विसर्ग काढावा लागतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. कृष्णेत कोयना धरणाचे पाणी येते, तर पंचगंगेत राधानगरीचे. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचे पाणी संगमाशी तुंबते व मागे पसरते. म्हणून एकाच नदीकडे पाहून चालत नाही. वरच्या खोऱ्यातील नोंदी वेळेवर खाली पोहोचल्या, तर गुरे सोडविता येतात आणि माणसे उंचावर नेता येतात.

तथापि मनुष्याचे लक्ष नदीकडे बहुधा भीतीपोटीच जाते. पुराच्या दिवसांत पातळी तासातासाला विचारली जाते. वैशाखात प्रवाह क्षीण होतो तेव्हा मात्र विचारणारे विरळ होतात. वस्तुतः त्याच काळात नदीला जपण्याची गरज अधिक असते, कारण पाणी कमी झाले की त्यात मिसळलेले सांडपाणी तितकेच राहते आणि त्याचा दोष मात्र वाढतो. आजारी मातेची नाडी केवळ ताप चढल्यावर पाहावी आणि ती अशक्त होऊन निपचित पडली असता पाहू नये, हा पुत्रधर्म नव्हे. नदीत किती पाणी वाहते राहिलेच पाहिजे हे ठरविण्यासाठी उन्हाळ्यातील नोंदीही तितक्याच निष्ठेने ठेवल्या पाहिजेत.

यात भाविकांचाही वाटा आहे. यात्रेस निघण्यापूर्वी पाणीपातळीची चौकशी करावी. धोक्याची सूचना असता स्नानाचा आग्रह धरू नये. दुरून केलेला नमस्कारही श्रीचरणी पोहोचतो. निर्माल्य, वस्त्रे व साबण प्रवाहात सोडू नयेत. दक्षिणद्वारी स्नान घडले तर त्या आनंदातच, ज्यांच्या अंगणात तेच पाणी शिरले असेल त्यांचे स्मरण करावे व यथाशक्ती साहाय्य करावे.

पूजनाने नदीविषयी आदर जागतो, मोजमापाने जबाबदारी जागते. या दोहोंचा संगम जेथे होतो, तेथेच तीर्थाचे तीर्थपण टिकते.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥