योग्यतेचा दाखला

माथेरानला जाणाऱ्या प्रत्येकाला दस्तुरी नाक्यावर आपले वाहन सोडावे लागते. मोटार मंत्र्याची असो की मुंबईच्या व्यापाऱ्याची, तिला पुढे वाट नाही. गावात जायचे ते तांबड्या मातीच्या रस्त्याने पायी, घोड्यावरून किंवा लहानशा आगगाडीने. गेल्या नाताळानंतर चार दिवस विश्रांतीसाठी आम्ही तेथे गेलो होतो. आमच्या एका जुन्या धर्मग्रामातील एक कुटुंबही त्याच सुमारास तेथे आले होते. त्यांचा मुलगा अमेरिकेत संगणकशास्त्रात संशोधन करतो. त्याला प्रथम कम्युनियन आम्हीच दिलेला. एका सायंकाळी तो कागदांची जाडजूड फाईल घेऊन आमच्याकडे आला.

तो म्हणाला, "फादर, मिस्सेत मी छातीवर हात मारून स्वतःला पापी म्हणवतो. कम्युनियन घेण्यापूर्वी मी योग्य नाही असेही म्हणतो. आणि ह्या अर्जात मला सिद्ध करायचे आहे की, माझ्या क्षेत्रात माझ्या तोडीची माणसे फार थोडी आहेत. ह्यांपैकी खोटे कोणते?"

प्रश्न थट्टेचा नव्हता. आमच्या अनेक घरांतील मुले-मुली आज ह्याच उंबरठ्यावर उभी आहेत, म्हणून त्याचा थोडा सविस्तर विचार करणे आम्हाला अगत्याचे वाटते.

प्रथम ह्या अर्जाची हकीकत. अमेरिकेत कायमच्या वास्तव्याचा परवाना नोकरीच्या आधारे मिळवण्याची सर्वसाधारण वाट म्हणजे मालकाने आपल्यासाठी अर्ज करणे. परंतु कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना वर्षाच्या एकूण परवान्यांपैकी सात टक्क्यांहून अधिक परवाने सहसा मिळत नाहीत. भारतातून जाणारे पुष्कळ असल्यामुळे त्यांची रांग वर्षानुवर्षे हलत नाही. दरम्यान नोकरी सुटली तर तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला दुसरी नोकरी शोधण्यासाठी फार तर साठ दिवस मिळतात. लहानपणी आईवडिलांबरोबर गेलेले मूल रांगेत असतानाच एकवीस वर्षांचे झाले, तर कुटुंबाच्या अर्जातील त्याचे स्थान जाऊ शकते. अशा वेळी १९९० च्या कायद्याने निर्माण केलेली दुसरी वाट मोहात पाडते. ती आहे असामान्य क्षमतेच्या माणसांची. तेथे मालक लागत नाही, अर्ज स्वतःच करता येतो. नोबेलसारखे जगन्मान्य पारितोषिक असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर दहा कसोट्यांपैकी निदान तीन पार कराव्या लागतात. पारितोषिके, निवडक सभासदत्व असलेल्या संस्थांत प्रवेश, आपल्याविषयी छापून आलेला मजकूर, इतरांच्या कामाचे परीक्षण, मौलिक संशोधन, विद्वत्तापूर्ण लेख, मोठा पगार अशा त्या कसोट्या आहेत. एवढ्याने भागत नाही. आपल्या क्षेत्रात अगदी शिखरावर पोहोचलेल्या मोजक्यांपैकी आपण एक आहोत, असे अधिकाऱ्याला एकंदर पुराव्यावरून पटावे लागते. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया ह्या देशांनीही गुणवंतांसाठी अशी स्वतंत्र दारे ठेवली आहेत.

अशी चाळणी लावणे मुळातच अन्यायाचे आहे, असे आम्ही म्हणणार नाही. संपन्न राष्ट्रांनी परक्याला शक्य तितके सामावून घ्यावे, असे ख्रिस्तसभा शिकवते, आणि सर्वांच्या हितासाठी राज्यकर्त्यांनी त्याला अटी घालण्याचा अधिकारही ती मान्य करते. आमचा प्रश्न चाळणीतून जाणाऱ्याच्या मनाविषयी आहे.

त्या तरुणाच्या फाईलमध्ये सात शिफारसपत्रे होती. अशा पत्रांचा मजकूर पुष्कळदा अर्जदार स्वतः किंवा त्याचा वकील तयार करतो आणि नामवंत माणूस त्यावर सही करतो, हे आम्हाला त्याच्याकडूनच कळले. एका पत्रातील एका वाक्यावर त्याने पेन्सिलीने खूण केली होती. एका महत्त्वाच्या संशोधनाची मूळ कल्पना सर्वस्वी त्याची होती, असे त्या वाक्यात म्हटले होते. वस्तुतः ती कल्पना त्याला आणि एका सहकारी स्त्रीला बोलता बोलता सुचलेली. "वाक्य काढले तर अर्ज कमकुवत होतो, ठेवले तर झोप लागत नाही," तो म्हणाला.

आम्ही सेमिनरीत असताना संत थोमास अक्विनास ह्यांचा नम्रतेविषयीचा विचार शिकलो होतो. तो त्या वेळी परीक्षेपुरता शिकलो, आज त्याचा उपयोग झाला. नम्रता म्हणजे स्वतःविषयी खोटे बोलणे नव्हे. बढाई हा जसा सत्याविरुद्धचा दोष आहे, तसा असलेले गुण नाकारणे हाही सत्याविरुद्धचाच दोष आहे, असे संत थोमास मानतात. शिवाय मोठ्या कार्याला हात घालण्याची उमेद त्यांनी सद्गुणांत मोजली आहे आणि नम्रतेशी तिचे वैर नाही असे दाखवले आहे. परमेश्वराने दिलेले दान ओळखून माणूस मोठे काम अंगावर घेतो, आणि स्वतःची उणीव ओळखून लीन राहतो. म्हणून मिस्सेतले वाक्य आणि अर्जातले वाक्य ही दोन्ही खरी असू शकतात. परमेश्वरापुढे आपण कोणीच योग्य नाही, आणि एखाद्या शास्त्रात आपण शेकडोंच्या पुढे असू शकतो. मात्र दुसरे वाक्य खरे असायला हवे. सहकाऱ्याचा वाटा स्वतःच्या नावावर लिहिला की ते केवळ अतिशयोक्तीचे राहत नाही, ती चोरी होते.

हे सांगताना आमची जीभ थोडी अडखळली, हे कबूल केले पाहिजे. आम्हाला राहावयास घर ख्रिस्तसभेने दिले. त्यासाठी आम्हाला सात जणांची पत्रे गोळा करावी लागली नाहीत, आणि आमचे कोणतेही मूल एकवीस वर्षांचे होणार नाही. दुसऱ्याच्या संकटात सत्याचा उपदेश करणे सोपे असते. तरीही उपदेश चुकीचा ठरत नाही, एवढेच.

कागदांचा दुसराही एक धोका आहे. वर्ष-दोन वर्षे माणूस स्वतःच्या थोरवीचे पुरावे जमवत राहतो, तेव्हा तो हळूहळू त्या पुराव्यांनाच 'मी' समजू लागतो. अर्ज नाकारला गेला तर आपणच नाकारले गेलो असे त्याला वाटते. मंजूर झाला तर ज्यांच्याजवळ पुरावे नाहीत ते आपल्याहून हलके, असे वाटू लागते. ही कसोटी माणसाची किंमत मोजत नाही, हे जगाने अलीकडे स्वतःच दाखवून दिले. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एक आदेश काढला. सरकारला दहा लाख डॉलर्सची देणगी देणाऱ्या व्यक्तीची ती देणगीच तिच्या असामान्य योग्यतेचा पुरावा मानावी, असे त्यात ठरले. हे वाचून आम्हाला प्रेषितांच्या कृत्यांतील प्रसंग आठवला. यरुशलेममध्ये पौलाला अटक झाली तेव्हा सरदाराने त्याला सांगितले की, आपण रोमचे नागरिकत्व पुष्कळ पैसे मोजून मिळवले. पौल तर जन्मानेच नागरिक होता. पौलाने त्या नागरिकत्वाचा उपयोग केला, फटके चुकवले, कैसरापुढे दाद मागितली. पण आपले खरे नागरिकत्व स्वर्गात आहे, असे त्याने फिलिप्पैकरांना लिहिले. परवान्याचा उपयोग करावा, त्यात आपली ओळख शोधू नये, हे आम्ही पौलाकडून शिकतो.

माथेरानचा इतिहासही ह्या बाबतीत बोलका आहे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट येथे आले आणि त्यांनी हे ठिकाण शोधून काढले, असे आपण शाळेत शिकतो. ठाकूर, कातकरी आणि धनगर ह्यांना मात्र हा डोंगर त्याआधीच ठाऊक होता. पुढे साहेबांचे आणि धनिकांचे बंगले उठले, १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाच्या खर्चाने नेरळहून आगगाडी आली. वाहन नसलेल्या ह्या गावात माणूस माणसाला हातरिक्षात बसवून ओढत राहिला. ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही आणि सहा महिन्यांत ती बंद करावी, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२५ च्या ऑगस्टमध्ये सांगावे लागले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ओझी वाहिली, त्यांच्या कर्तबगारीचा दाखला कोणत्याही फाईलमध्ये नाही.

ह्याच माथेरानमध्ये १ डिसेंबर १९१२ रोजी एका नाभिक कुटुंबात विठ्ठल कोतवाल जन्मले. ते वकील झाले. मुंबईत राहून नाव आणि पैसा मिळवणे त्यांना अशक्य नव्हते. ते आपल्या डोंगराकडे परतले, माथेरानच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष झाले, कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठ्या काढल्या, मुलांसाठी शाळा चालवल्या. १९४२ च्या लढ्यात ते भूमिगत झाले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीला बळी पडले. त्यांच्या लढ्याच्या मार्गाविषयी कोणाचे मत वेगळे असेल, त्यांच्या त्यागाविषयी असू नये.

ह्यावरून हुशार माणसाने देश सोडूच नये, असा निष्कर्ष कोणी काढील. तो आम्हाला मान्य नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे क्रांतिकार्यासाठी देशाबाहेर गेले, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले आणि पुढे मेक्सिकोत स्थायिक झाले. तेथील चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक होते, मका आणि गहू ह्यांवर त्यांनी संशोधन केले. विद्वत्तेने त्यांना परक्या देशात घर मिळवून दिले, आणि त्या देशातील गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी विनामूल्य शेतीशाळा काढल्या. दिएगो रिवेरा ह्या थोर चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. त्याच्याही आधी, १५७९ मध्ये, इंग्लंडचे फादर स्टीफन्स गोव्यात आले. ते येथील लोकांची भाषा शिकले, त्या भाषेत त्यांनी ख्रिस्तपुराण रचले आणि याच मातीत ते विसावले.

कोतवाल राहिले, खानखोजे गेले, स्टीफन्स आले. आपल्या गुणांची शिदोरी तिघांनीही भोवतालच्या माणसांसाठी सोडली. शुभवर्तमानातील मोहरांच्या दाखल्यात धनी परत आल्यावर, तुम्ही कोठे राहिलात असे चाकरांना विचारत नाही. दिलेल्या मोहरांचे काय केले, एवढाच हिशेब तो मागतो. आणि मोहरा मुळात त्याच्या आहेत, हे ह्या दाखल्यातले आपण सहज विसरतो.

म्हणून अर्ज करू इच्छिणाऱ्या आमच्या मुलामुलींना आम्ही एवढेच सुचवू. अर्ज जरूर करा, आणि जे खरे आहे ते न संकोचता लिहा. सही करण्यापूर्वी तो एकदा पवित्र साक्रामेंतापुढे बसून वाचा. जे वाक्य तेथे वाचवत नाही, ते काढा. मग एका कोऱ्या कागदावर आणखी एक यादी करा, जी कोणत्याही कचेरीत द्यायची नाही. फीसाठी बांगडी गहाण ठेवणारी आई, गणित दोनदा समजावून सांगणारे मास्तर, आपल्या नावामागे राहिलेले सहकारी, ह्यांची नावे तीत लिहा. आईवडिलांनाही आमची विनंती आहे. मुलाचा अर्ज मंजूर झाला की मिस्सा सांगता, तशी तो फेटाळला गेला तरी सांगा, म्हणजे घरात आपले मोल कागदावर ठरत नाही हे त्याला कळेल.

निघण्याच्या दिवशी ते कुटुंब आम्हाला दस्तुरी नाक्यापर्यंत सोबत होते. त्यांच्या बॅगा डोक्यावर घेऊन एक वयस्क हमाल पुढे चालत होता. आमचा तरुण त्याच्याशी मुलांच्या शाळेविषयी बोलत चालला होता. मोटारीत बसताना तो आमच्या कानाशी म्हणाला, "फादर, वाक्य बदलले. तिचेही नाव घातले." अर्जाचे पुढे काय होईल, ते आम्ही विचारले नाही.