सिद्धी आणि विवेक

अद्भुतकथेच्या पूर्वार्धाचे काम तसे सोपे असते; ज्या मुलाला जगात कोठे थारा नाही त्याच्या ठायी एखादी अलौकिक शक्ती आहे असे दाखवावे, त्याची समानधर्मीयांशी गाठ घालून द्यावी आणि त्या सर्वांना एक सुरक्षित आश्रय द्यावा, की किशोरवयीन वाचक तृप्त होतो. खरी कसोटी लागते ती उत्तरार्धाची. कारण त्या शक्तीने मुलांचे नेमके काय साधले, या प्रश्नाला तेथे उत्तर द्यावे लागते. अमेरिकन लेखक रॅन्सम रिग्ज यांची २०१४ साली प्रसिद्ध झालेली ‘हॉलो सिटी’ ही कादंबरी या कसोटीला उतरते, आणि ती उतरते ती चमत्कारांच्या विपुलतेमुळे नव्हे, तर त्यांची हद्द तिने ओळखली आहे म्हणून.

या मालिकेच्या २०११ साली आलेल्या पहिल्या भागात वेल्सजवळच्या केर्नहोम या कल्पित बेटावरील एका घरात अशी विलक्षण मुले राहतात. बहिरी ससाण्याचे रूप घेऊ शकणाऱ्या त्यांच्या पालक मिस पेरेग्रिन यांनी ३ सप्टेंबर १९४० हा एकच दिवस त्यांच्याभोवती कोंडून ठेवला आहे. रोज रात्री जर्मन बॉम्ब घरावर कोसळू लागतो, मुखवटे चढवून अंगणात उभी असलेली मुले आतषबाजी पाहावी तशी ती दृश्ये पाहतात, आणि नाश होणार तोच बाई काळ मागे फिरवतात. ज्या ब्रिटनने १९३९ च्या सप्टेंबरात आपली मुले, अंगावर नावाच्या चिठ्ठ्या अडकवून, शहरांतून खेड्यांकडे धाडली, त्या ब्रिटनच्या भयातूनच हा कल्पित बंदोबस्त उपजला आहे. परंतु त्याची किंमतही आहे: शरीराने कुमार असलेली ही मुले वर्षांच्या हिशेबाने वृद्ध आहेत, आणि तरीही प्रौढ मात्र झालेली नाहीत.

उत्तरार्ध हा आश्रय जप्त करतो. घर गेले, थांबलेला काळ चालू लागला, पक्षिरूपातून बाईंना माणसात येता येईना; तेव्हा ठराविक मुदतीच्या आत त्यांच्यावर उपाय शोधण्यासाठी मुले होड्या वल्हवीत बेट सोडतात आणि बॉम्बवर्षावाखालील लंडनकडे निघतात. येथे प्रत्येक सिद्धीची उणी बाजू उघडी पडते. अदृश्य मिलार्डला खरोखर अदृश्य राहायचे तर थंडीतही वस्त्रांचा त्याग करावा लागतो. हवेहून हलकी ऑलिव्ह शिशाच्या बुटांवाचून जमिनीवर ठरत नाही. आणि पोटात मधमाश्यांचे पोळे बाळगणारा ह्यू शत्रूवर त्या सोडतो तेव्हा सोबती वाचतात खरे, परंतु डंख करून मधमाश्या मरतात, आणि ज्यांना त्याने जन्मभर सांभाळले त्यांच्याच मृत्यूचे फर्मान त्याला काढावे लागते.

जुन्या बाजारांतून मिळालेली अनामिक छायाचित्रे कथेत गुंफण्याचा रिग्ज यांचा प्रघात येथेही आहे. कधीकधी मात्र एखादे पात्र कथेच्या गरजेपेक्षा हाती असलेल्या छायाचित्राच्या गरजेपोटी आल्यासारखे वाटते, आणि प्रवासाचा पूर्वभाग त्यामुळे रेंगाळतो. हा दोष मान्य करूनही शेवटाचे सामर्थ्य उणावत नाही. ज्या पक्ष्याला मुलांनी आईच्या मायेने जपत आणले, तो माणसाच्या रूपात येतो तेव्हा समोर उभा राहतो मिस पेरेग्रिन यांचा दुष्ट भाऊ कॉल! अग्नी, बळ, भविष्यदर्शी स्वप्ने, अदृश्य राक्षस पाहणारी कथानायक जेकबची दृष्टी, एवढे सारे पदरी असताना आपण कोणाला वाहून नेत आहोत, हे एकालाही कळले नाही.

योगशास्त्राने सिद्धींना समाधीच्या मार्गातील विघ्न मानले आहे. या कथेतील सिद्धी तितक्या घातक नसल्या, तरी त्या विवेकाची जागा घेऊ शकत नाहीत, एवढे तिने निःसंशय सिद्ध केले आहे. मुले फसली ती शक्ती कमी पडली म्हणून नव्हे, तर श्रद्धेच्या स्थानी उभ्या असलेल्याची पारख करणे त्यांना अश्रद्धेचे लक्षण वाटले असते म्हणून. असली पुस्तके मुलांना उद्धट करतात, असा आक्षेप घेणाऱ्या वडीलधाऱ्यांनी पुढचा भाग अवश्य पाहावा. कॉलचे कपट उघडे पडल्यावर मुलांनी पालकांवरची निष्ठाच टाकून दिली असती, तर तो आक्षेप खरा ठरला असता. परंतु जेकब आणि त्याची सोबतीण एमा निघतात ते खऱ्या मिस पेरेग्रिनच्या सुटकेसाठी. पारख केल्यावरही जी निष्ठा उरते तीच प्रौढाची निष्ठा. बाकीची केवळ सवय होय.