याकोबाची पकड

बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या ३२ व्या अध्यायात, एक कुस्ती आहे. ती रात्री सुरू होते आणि तांबडं फुटता फुटता संपते. एका बाजूला याकोब, दुसऱ्या बाजूला कोणीतरी. मजकूर त्याला आधी नुसता ‘पुरुष’ म्हणतो. आपण देवालाच समोरासमोर पाहिलं आणि तरी जिवंत राहिलो, हे याकोबाला मागाहून उमगतं.

याकोब म्हणजे काही साधू माणूस नव्हे. जुळ्यांतला धाकटा, थोरल्या एसावाची टाच मुठीत धरूनच जन्माला आलेला. भाऊ रानातून भुकेने कासावीस होऊन आला, तेव्हा याने आधी त्याचा थोरलेपणाचा हक्क शपथेवर लिहून घ्यावा तसा घेतला आणि मगच भाकर न् मसुराचं वरण पुढे सरकवलं. पुढे बापाचा आशीर्वाद लाटायची वेळ आली. म्हाताऱ्या इसहाकाची दृष्टी गेलेली, आणि एसाव अंगाने केसाळ. म्हणून आईच्या सांगण्यावरून याने भावाचे कपडे चढवले, हातांना न् मानेला करडांची कातडी गुंडाळली. बापाने चाचपून पाहिलं. आवाज एकाचा आणि हात दुसऱ्याचे, हे त्याच्या ध्यानात आलंही. शिकार इतक्या लवकर कशी मिळाली, असं त्याने विचारलं, तर याकोबाचं उत्तर तयार : तुमच्या देवानेच ती माझ्यापुढे आणली. बापाशी खोटं बोलणं एक वेळ समजू शकतं. त्या खोट्याला देवाची साक्ष काढायची म्हणजे कमाल झाली.

देव तेव्हा बापाचा होता, याचा झाला नव्हता. भावाच्या भीतीने पळताना बेथेलला दगड उशाला घेऊन हा झोपला, स्वप्नात स्वर्गापर्यंत गेलेली शिडी पाहिली, आणि जागा झाल्यावर नवस बोलला तोही अटी घालून. खायला अन्न, ल्यायला वस्त्र, सुखरूप परत घरी. एवढं झालं तर तू माझा देव, आणि जे देशील त्याचा दहावा हिस्सा तुझा. आपणही नवस असेच बोलतो म्हणा, फक्त इतका चोख हिशेब मांडायला कचरतो.

मामा लाबान त्याला शेरास सव्वाशेर भेटला. धाकट्या मुलीसाठी, राहेलसाठी, ७ वर्षं राबवलं, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर बघतो तर शेजारी थोरली लेआ. राहेलपायी आणखी ७, मग कळपांसाठी ६. २० वर्षांनी बायकामुलं आणि गुरंढोरं घेऊन तो गावाकडे निघाला, तर निरोप आला की एसाव ४०० माणसं घेऊन सामोरा येतोय.

याकोबाने प्रार्थना केली. ती मनापासूनची आहे. इतक्या कृपेला मी लायक नव्हतो, असं तो तिच्यात कबूल करतो. पण प्रार्थनेवर विसंबून राहील तर तो याकोब कसला? शेळ्यामेंढ्या, दुभत्या सांडण्या, गाई, बैल, गाढवं मिळून ५५० जनावरं त्याने नजराणा म्हणून पुढे धाडली, तीही एकदम नाही. कळपामागून कळप, मध्ये अंतर ठेवून. म्हणजे एसावाचा राग हप्त्याहप्त्याने उतरावा. मग रात्री यब्बोक नदीच्या उतारावरून बायकामुलांना पलीकडे पोचवलं आणि स्वतः मागे राहिला. आज या नदीला झर्का म्हणतात. जॉर्डन देशातून वाहत ती जॉर्डन नदीला मिळते. गहाण टाकायला, पुढे करायला, आड लपायला आता त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं.

आणि तिथे त्या पुरुषाने त्याला गाठलं. डावपेच काय झाले ते मजकूर सांगत नाही. एवढंच सांगतो की याकोब हटेना, तेव्हा त्या पुरुषाने त्याच्या मांडीच्या खुब्याला स्पर्श केला आणि खुबा निखळला. पैलवानाचं सगळं बळ कमरेत. खुबा गेला की ना पाय रोवता येतो, ना डाव टाकता येतो. त्यामुळे पुढचा भाग मला कुस्ती वाटतच नाही. एक लंगडा माणूस समोरच्याच्या अंगाला लोंबकळतोय आणि आशीर्वाद दिल्याशिवाय सोडणार नाही म्हणतोय, आणि तो समोरचाच उजाडू लागलं म्हणून सोड म्हणतोय! जन्मताना भावाची टाच धरणारी मूठ ती हीच. हावरट, चिवट, हाताला लागलं ते न सोडणारी. देवाने ती उघडायला लावली नाही. सज्जन होऊन ये, मग बघू, असंही म्हटलं नाही.

फक्त नाव विचारलं. आशीर्वादाआधी बापानेही तू कोण म्हणून विचारलं होतं, तेव्हा हा एसाव झाला होता. या वेळी त्याने याकोब म्हणून सांगितलं. त्याला इस्राएल हे नवं नाव मिळालं, आशीर्वाद मिळाला, आणि सूर्य उगवला तेव्हा तो लंगडत त्या जागेवरून पुढे निघाला होता. जनावराच्या मांडीतली ती शीर ज्यू लोक खात नाहीत, त्याचं मूळ या रात्रीत आहे. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणत, ते आपले बेने इस्राएलही नावाने याच लंगड्या माणसाची लेकरं.

आता माणूस बदलला असं वाटेल. थोडा बदललाही. रात्री सगळ्यांच्या मागे राहिलेला याकोब सकाळी सगळ्यांच्या पुढे चालत गेला आणि भावापुढे ७ वेळा जमिनीपर्यंत वाकला. एसाव धावत आला, गळ्यात पडला, दोघे रडले. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. एसाव म्हणाला, चल, बरोबरच जाऊ. याकोब म्हणाला, पोरं नाजूक आहेत, गुरं पाजती आहेत, तुम्ही व्हा पुढे, मी त्यांच्या पावलांनी सावकाश तुमच्या सेईरला येतो. हळू चालायला निखळलेला खुबा हे खरंखुरं कारण जवळ होतं. ते मात्र त्याने सांगितल्याचं दिसत नाही. एसाव सेईरच्या वाटेला लागला आणि हा वळला सुक्कोथकडे. तिथे घर बांधलं, गुरांना मांडव घातले.

याकोबाच्या आजोबाचा, अब्रामाचा, अब्राहाम झाला तो कायमचा. याकोबाला मात्र मजकूर पुढेही पुन्हा पुन्हा याकोबच म्हणतो. काही काळाने बेथेललाच देवाने त्याला परत दर्शन दिलं, आणि तुझं नाव आता याकोब नाही, इस्राएल आहे, हे दुसऱ्यांदा सांगितलं.