सरलेल्या रीतीचे व्याकरण

'आजोबा पहाटे उठत, नदीवर स्नानास जात आणि परतताना देवळात क्षणभर टेकत' हे वाक्य इंग्रजीत उतरवावयास दिले, की मराठी विद्यार्थी बहुधा तिन्ही क्रियापदांआधी 'यूज्ड टू' जोडून मोकळा होतो, नाही तर 'जात होते' ह्या रूपाच्या ओढीने 'वॉज गोइंग' लिहितो. पहिल्या उत्तरावर व्याकरणाची हरकत नाही, पण ते कानाला रुक्ष लागते. दुसऱ्याने वर्षानुवर्षांचा परिपाठ नाहीसा होऊन एखाद्या प्रसंगी चालू असलेली क्रिया तेवढी डोळ्यांपुढे येते. ह्याचा दोष मी विद्यार्थ्याला देत नाही. रीतिभूतकाळासमोर एकच इंग्रजी रूप मांडून ती बाब निकालात काढणाऱ्या आपल्या अध्यापनाला देतो.

इंग्रजीत रीतिभूत असा स्वतंत्र काळ नाही, आणि म्हणूनच मराठीत एका प्रत्ययाने भागते तेथे इंग्रजी बोलणाऱ्याला निवड करावी लागते. 'यूज्ड टू' योजले म्हणजे ती रीत होती एवढेच सांगून भागत नाही. ती आता उरलेली नाही, हेही सामान्यतः त्यात रुजू होते. म्हणून ते क्रियेप्रमाणे स्थितीलाही चालते: वेशीबाहेर पूर्वी वड होता, हे 'देअर यूज्ड टू बी' असे म्हणता येते. तेथे 'वुड' घातले तर वाक्य बिघडते, कारण सवयीचा 'वुड' पुनःपुन्हा घडणाऱ्या क्रियेचा सोबती आहे, आणि त्यालाही 'उन्हाळ्यात', 'दर गुरुवारी' अशी काळाची चौकट आधी मिळावी लागते. ती नसेल, तर ऐकणारा एखाद्या अटीची वाट पाहत राहतो. यास्तव जाणता लेखक आजोबांचे उठणे 'यूज्ड टू'ने सांगून काळ प्रस्थापित करतो आणि पुढचे जाणे, टेकणे 'वुड'वर सोपवतो. 'दररोज' असा शब्द हाताशी असेल, तर साधा भूतकाळही पुरतो, आणि पुष्कळदा तोच अधिक शोभतो.

ह्या रूपांचा पूर्वेतिहास मला मोठा उद्बोधक वाटतो. 'वुड' ज्याचे भूतरूप, त्या 'विल'चा मूळ अर्थ इच्छिणे. माणूस जे वारंवार इच्छितो ते तो वारंवार करतो, ह्या अनुभवातून इच्छेचे क्रियापद सवयीच्या सेवेत आले असावे. सवयीच्या अर्थी 'यूज' पूर्वी वर्तमानकाळातही चाले. १६११ च्या इंग्रजी बायबलातील ११९ व्या स्तोत्रात त्याचा दाखला आहे. पुढे वर्तमानातला त्याचा अंमल संपला आणि भूतरूप तेवढे शिल्लक राहिले. आपल्याकडेही असेच स्थित्यंतर घडले आहे: ज्ञानेश्वरीत 'करी', 'बोले' ही वर्तमानाची रूपे आहेत, आजच्या गद्यात तीच रूपे सरलेली रीत सांगतात. स्वभाषेतील हा प्रवास ज्याला दाखवला आहे, त्याला इंग्रजीतील घडामोड परकी वाटण्याचे कारण नाही.

तेव्हा माझी तजवीज अशी, की हा विषय सुट्या वाक्यांवर शिकवणे थांबवावे. सुट्या वाक्यात काळाची चौकट नसते आणि रीत मोडली की टिकली हेही कळत नाही. मग विद्यार्थ्याने निवड करावी ती कशाच्या आधारावर? त्याला आठ-दहा ओळींचा सलग उतारा द्यावा, 'येई', 'येत असे', 'यायचा' आणि 'येत होता' ह्यांतील भेद आधी मराठीतच त्याच्याकडून वदवून घ्यावा, आणि मगच लेखणी इंग्रजीकडे वळवावी. परीक्षकांनीही एकाच उत्तराचा आग्रह सोडून, निवडलेले रूप त्या उताऱ्यात का बसते हे विचारावे, आणि गुण त्या कारणाला द्यावेत.